चार्ज तयार ठेवा



झाशीच्या सिविल लाइंसमधून बोलतोय. इथल्या सेंट ज्यूड श्राइनचा सण २८ ऑक्टोबरला असतो. संत ज्यूड म्हणजे आशा सुटलेल्यांचा कैवारी, त्यामुळे इतर धर्मांचे लोकही श्रद्धेने येतात. कुणाला नोकरी हवी असते, कुणाला आजारातून सुटका. पाचच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, मृतांचा स्मरणदिन. त्या दिवशी आम्ही कबरींवर फुलं ठेवतो, मेणबत्त्या लावतो. आपल्यालाही जायचंय हे ठाऊक असलेल्या माणसाने आधी काय मागावं आणि आधी काय करावं, एवढंच आज बोलायचंय.

फौजेत बदली आली की चार्ज द्यावा लागतो. सामान मोजायचं, हिशेब जुळवायचे, दोघांनी सह्या करायच्या, मग निघायचं. ज्याचं रजिस्टर रोजच्या रोज लिहिलेलं, तो निवांत. मरणाच्या हुकमावर मात्र तारीख नसते. शिवाय कधीकधी चार्ज घेणाराच आधी निघून जातो.

पंडिता रमाबाईंच्या बाबतीत तसंच झालं. मरण त्यांनी तरुणपणीच जवळून पाहिलं होतं. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्तीमध्ये त्यांनी दुष्काळातल्या शेकडो बायका-मुलींना आसरा दिला. एवढा पसारा सांभाळताना त्यांनी आणखी एक काम हाती घेतलं. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल आणायचं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्याच मुली खिळे जुळवायच्या, छापायच्या.

त्यांच्यामागे मुक्ती सांभाळणार होती ती लेक मनोरमा. ती जुलै १९२१ मध्ये वारली. रमाबाईंनी भाषांतर थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, चौसष्ट पूर्ण व्हायला १८ दिवस उरले असताना. बायबल प्रसिद्ध झालं १९२४ मध्ये.

काही जण म्हणतात, पुनरुत्थानावर विश्वास आहे ना, मग इथल्या कामाची एवढी चिंता कशाला? रमाबाईंचाही तोच विश्वास होता, तरी त्या शब्दन् शब्द तपासत राहिल्या. कारण ते पान कुणाचं तरी देणं होतं. आपण वाचू न शकलेलं पुस्तक उद्या एखादी बाई वाचणार होती.

आता आपलं. मृत्युपत्र, पेन्शनचे कागद, बँकेतलं नॉमिनेशन, ही एका दुपारची कामं. ती या आठवड्यात उरका. पण तयारी तिथे संपत नाही. येशूने सांगितलंय, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं मन दुखावलंय हे आठवलं, तर आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. म्हणजे सकाळच्या प्रार्थनेआधी एक फोन करावा लागला, तर तो आधी करायचा. त्यानंतर येतं शिकवणं. चर्चचे हिशेब, गाण्याच्या चाली, शेजारच्या आजारी आजोबांची औषधं, जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे ते दुसऱ्या कुणाला तरी दाखवून ठेवा. एकाला नको, दोघांना दाखवा.

आणि मागायचं काय? ९०वं स्तोत्र आयुष्याचे दिवस मोजायची अक्कल मागतं. मला ते मागणं आवडतं. दिवस मोजले की कुठल्या गोष्टी उद्यावर ढकलता येतात आणि कुठल्या नाही, ते कळू लागतं.

आज झोपण्याआधी स्वतःला विचारा, उद्या उठलो नाही तर कुणाचं देणं राहील? पैशाचं असो, शब्दाचं असो, मायेचं असो. जे नाव पहिलं आठवेल, ते उद्याच्या यादीत सगळ्यांत वर लिहा.