पाया टोरांटोचा, पाया सावेडीचा



नगरच्या सावेडी उपनगरातल्या कितीतरी घरांतली मुलं आज परदेशी आहेत. तिकडं घराचं काम निघालं की त्याचा व्हिडिओ इकडं येतो. काँक्रीट ओतण्याआधी खाली फोमच्या जाड शीट अंथरलेल्या त्यात दिसतात. मग इथल्या प्लॉटवर मिस्त्रीला विचारणा होते, "आपणही टाकायच्या का?"

त्या शीट तिकडं का टाकतात, ते आधी पाहू. टोरांटोकडे हिवाळ्यात जमीन वरून खाली गोठत जाते, म्हणून पाया साधारण चार फूट खोल न्यावा लागतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं आपल्याला आठवतं. पण नुसत्या तेवढ्यानं घर उचललं जात नाही. गोठलेल्या थराकडे खालचं पाणी बारीक मातीतून वर ओढलं जातं आणि बर्फाचे थर साचत जातात, ते घराला वर ढकलतात. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३०च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझिन घालून पाहिलं. बेंझिन गोठताना आकसतं, तरीही माती वर उचललीच गेली. फोममुळं घरातली आणि जमिनीतली ऊब टिकते, पायाखालची माती गोठत नाही आणि उथळ पाया चालून जातो. नॉर्वे, स्वीडनमध्ये ही पद्धत चांगली रुजली आहे.

आता आपल्याकडं या. नगरची थंडी कडाक्याची, पारा एक आकडी होतो. पण जमीन काही गोठत नाही. त्यामुळं पायाखाली फोम घालून काहीच साधत नाही, उलट वाळवीला पोखरायला आयती जागा मिळते.

मात्र घर उचलायचं काम इथंही होतं. ते करते आपली काळी माती. बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. घराच्या कडेची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, मधली मात्र ओल धरून असते. म्हणून श्रावणात चौकटीत अडकणारं दार मे महिन्यात सैल होतं, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते, फरशी मध्येच फुगते.

माती कशी आहे, ते पाहायची सोपी चाचणी आहे. प्रयोगशाळेत कोरडी, बारीक चाळलेली माती १०-१० ग्रॅम घेऊन एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये टाकतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा निम्म्यानं जास्त जागा व्यापत असेल, तर सावध व्हा.

उपाय आपल्याच देशात शोधलेले आहेत. काळ्या मातीचा थर उथळ असेल तर तो काढून हार्ड मुरमावर पाया घ्यावा. थर खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेले, बुडाशी फुगीर असलेले पाइल वापरता येतात. त्यांची खोली साधारण साडेतीन मीटर असते आणि वरच्या बीमखाली मातीला फुगायला मोकळी जागा सोडतात. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं, की न फुगणाऱ्या चिकट मातीचा किंवा मुरमाचा सुमारे मीटरभर दाबलेला थर वर दिला, तर खालच्या मातीचं फुगणं बरंच आवरतं.

आणि घर बांधून झालं तरी पाणी पायापासून दूर ठेवायचं. भोवती बाहेरच्या बाजूला उतार दिलेला कोबा करावा, गच्चीच्या पाइपचं पाणी भिंतीलगत सोडू नये, मोठं झाड भिंतीला खेटून लावू नये.

सावेडीत पूर्वी शेतं होती. एका प्लॉटला मुरूम दोन फुटांवर लागेल, शेजारच्याला सहा फुटांवर. तेव्हा शेजाऱ्याच्या घरावरून अंदाज बांधू नका. फोमचे पैसे वाचवा, आधी चाचणीचा खड्डा घ्या, आणि हार्ड मुरूम किती फुटांवर लागला हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाया भरू नका.