वीजवाहिनीचा नकाशा आणि शेवटचे घर



विजेची वाहिनी कोठून न्यायची हे अभियंत्यांचे काम, त्यात आपण काय बोलायचे, असा एक समज आपल्या वस्त्यांत आहे. तो आम्हाला मान्य नाही. 1942 ते 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते आणि विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्याच काळात. वीज स्वस्त व मुबलक मिळाल्याखेरीज देशातील दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

ग्रामीण वीज सहकारी संस्था ही कल्पना रुजली अमेरिकेत. 1935 च्या सुमारास तेथे दहापैकी नऊ शेतघरांत वीज नव्हती. अंतर लांब, गिऱ्हाईक थोडे, म्हणून खासगी कंपन्या तिकडे वळत नसत. मग सरकारी कर्ज घेऊन शेतकऱ्यांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. तेव्हा काही कंपन्यांनी घाईघाईने तारा ओढून फक्त सधन शेतकरी उचलले, म्हणजे उरलेल्या गरिबांच्या बळावर संस्था उभीच राहू नये! त्या अनुभवातून एक तत्त्व पुढे आले : आराखडा एकेका गिऱ्हाइकाचा नव्हे, तर संपूर्ण क्षेत्राचा करायचा. ज्याच्याकडून चार पैसे जास्त येतात आणि ज्याच्याकडून कमी येतात, ते दोघेही एकाच नकाशावर असले पाहिजेत.

आपल्या देशात 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि पाच ठिकाणी प्रायोगिक सहकारी संस्था निघाल्या. त्यांपैकी एक आपल्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील मुळा-प्रवरा. घाऊक वीज विकत घ्यायची आणि सभासदांना पुरवायची, असे तिचे काम होते. थकबाकीचा वाद वाढत गेला आणि 2011 च्या सुरुवातीला तेथील वितरण राज्याच्या वीज वितरण कंपनीकडे गेले. त्याच पिढीतील कर्नाटकातील हुक्केरी आणि तेलंगणातील सिरसिल्ला येथील संस्था मात्र टिकून राहिल्या.

आता अशा संस्थेला नवी वाहिनी टाकायची आहे असे समजा. विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा लक्ष द्या.

पहिला प्रश्न भाराचा. पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे पावणेचार किलोवॅट वीज घेतो. शंभर पंपांचे झाले सुमारे पावणेचारशे. घरातले दिवे, पंखे सगळे एकाच वेळी चालत नाहीत. शेतीपंपांना मात्र ठरावीक तासांतच वीज मिळते, म्हणून वीज येताच सगळे पंप एकदम सुरू होतात. हे ध्यानात न घेता केलेला आराखडा पहिल्याच उन्हाळ्यात रोहित्र जाळतो.

दुसरा प्रश्न दाबाचा. तारेतील गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच वीज 11 ऐवजी 33 किलोव्होल्टने नेली, तर प्रवाह एकतृतीयांश होतो आणि त्याच तारेतील गळती एकनवमांश. म्हणून उच्चदाबाची वाहिनी आणि उपकेंद्र गावांच्या जवळ आणायचे, आणि त्यापुढची वाहिनी आखूड ठेवायची. गळलेल्या विजेचे पैसे शेवटी सभासदाच्याच बिलात येतात.

तिसरा प्रश्न मार्गाचा, आणि आम्हाला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते याविषयी. कागदावर सरळ रेषा स्वस्त दिसते. पण ज्याच्या नावावर सातबारा आहे तो हरकत घेतो, वकील देतो, आणि रेषा हळूहळू सरकते. कोणीकडे? गायरानाकडे, गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे. कारण तेथे हरकत घेणाऱ्याजवळ कागद नसतो. 33 किलोव्होल्टच्या तारेपासून घर आडवे किमान 2 मीटर आणि उभे 3.7 मीटर दूर असावे, असे विजेचे नियम सांगतात. आज हे अंतर पाळले जाईलही. पण उद्या घरकुलावर दुसरा मजला चढेल, तेव्हा काय? मार्ग आखताना वाढणाऱ्या घराचाही हिशेब झाला पाहिजे.

भरपाईचेही असेच आहे. 66 किलोव्होल्ट व त्यावरील मनोऱ्यांच्या वाहिन्यांसाठी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून 2024 मध्ये राज्यांना सूचना दिल्या : मनोऱ्याखालील जमिनीसाठी तिच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के. सूचना स्वागतार्ह आहे. पण हा सारा हिशेब जमिनीच्या किमतीचा आहे. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याच्या पदरात काय पडणार? आणि याहून कडू गोष्ट अशी की, ज्या वस्तीच्या डोक्यावरून तारा जातात तिलाच कधीकधी वीजजोडणी नसते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. सहकारी संस्थेत तारेचा मालक सभासद असतो. तेव्हा मार्ग कायम होण्याआधी नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लागला पाहिजे. 2006 च्या नियमांप्रमाणे खासगी जमिनीवरून वाहिनी नेताना मालकाची किंवा वहिवाटदाराची संमती लागते आणि हरकत आल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. यातला 'वहिवाटदार' हा शब्द आपण नीट वाचावा. आणि सभेत चार प्रश्न उभे राहून विचारावेत : पर्यायी मार्ग कोणते तपासले? कोणत्या वस्तीवरून तार जाते? त्या वस्तीला जोडणी त्याच टप्प्यात मिळणार का? मुख्य वाहिनी तुटली तर दुसऱ्या बाजूने वीज येईल का?

अर्थात हक्क मागणाऱ्याने बिलही वेळेवर भरले पाहिजे आणि तारेवर आकडा टाकता कामा नये. चोरीची वीज शेजाऱ्याच्या खिशातून जाते. आणि थकबाकीने पोखरलेली संस्था गरिबाला सर्वांत आधी अंधारात लोटते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातून लाइनमन, सर्वेक्षक, अभियंते निघावेत ही आमची इच्छा आहेच. पण जो नकाशा काढील त्याने पेन्सिल टेकवण्यापूर्वी शेवटचे घर शोधावे आणि तेथून मागे उपकेंद्राकडे यावे. अशा रीतीने आखलेली वाहिनी कदाचित दोन खांब जास्त घेईल, पण ती खऱ्या अर्थाने सर्वांची असेल.