स्मशान कुणाचं?

(रत्नागिरीतील महिला मंडळांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रेशन, पाणी, दारू, नवऱ्याची मारहाण यांवर आपण पुष्कळ वेळा बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणींनी तोंड फिरवलं असेल. तिन्हीसांजेला ज्याचं नाव काढू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं, त्या स्मशानाबद्दल मी बोलणार आहे. भुताखेतांबद्दल नाही आणि मोक्षाबद्दलही नाही. नळ, रस्त्यावरचा दिवा, गटार या जशा नगर परिषदेच्या सोयी, तशीच स्मशानभूमी ही एक सोय आहे. तिच्याबद्दल.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. महाराष्ट्राच्या १९६५च्या नगर परिषद कायद्यानुसार मृतांच्या अंत्यविधीसाठी जागा मिळवणं आणि ती नीट राखणं हे नगर परिषदेचं बंधनकारक काम आहे. मर्जीचं नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने जे बारावं परिशिष्ट जोडलं, त्यातही दफनभूमी, दहनभूमी आणि विद्युतदाहिनी यांचा उल्लेख आहे. गावात हे काम ग्रामपंचायतीकडे येतं. म्हणजे शेड, चौथरा, पाणी, दिवा, तिथवर जाणारी वाट यांचा जाब विचारायचा तो भटजीला किंवा गावकीला नाही, आपण निवडून दिलेल्या माणसांना.

पण आपण कधी विचारला का? नाही. कारण ते बायकांचं ठिकाण नाही असं आपल्याला सांगितलं गेलं. माणूस घरात गेला की त्याला आंघोळ घालायला, कपडे बदलायला, दिवा लावायला बाया लागतात. मरणाच्या आधी वर्षानुवर्षं त्याचं हगणंमुतणं काढायला बाईच लागते. तिरडी उचलली की मात्र तिने उंबरठ्याच्या आत थांबायचं. बायका नाजूक मनाच्या, त्यांना सोसवत नाही, असं कारण देतात. जिने सगळं आजारपण निभावलं तिला शेवटची वीस मिनिटंच कशी सोसवत नाहीत?

आता आपल्या जिल्ह्याकडे बघा. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. याचा अर्थ आपल्याकडे बाईला जास्त मान आहे असा नाही. घरचे पुरुष मुंबईला आहेत, एवढाच. वाडीत उरतात म्हातारी माणसं, पोरं आणि आपण. श्रावणात धो धो पाऊस पडतोय, पऱ्याला पाणी आलंय, आणि वाडीत कुणी गेलं. खांदा द्यायला चार धड पुरुष नसतात. मुलगा मुंबईहून निघालाय, तो येईपर्यंत मढं घरात ठेवायचं. एका सरणाला तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं, ओलं असलं तर त्याहून जास्त. शेडला पत्रे नसतील तर अर्धवट जळलेल्या देहाशेजारी माणसं छत्र्या धरून उभी. हे मी कुणा एकीचं सांगत नाही. तुमच्यातल्या कितीजणींनी हे पाहिलंय ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय.

तरीही नियम असा, की बाई नको.

या नियमाला आपल्याच महाराष्ट्रात एका बाईने केव्हाच उत्तर दिलंय. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीराव फुले गेले. आपला देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती, घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. पण वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही, म्हणून दहन करावं लागलं. मग टिटवं कुणी धरायचं यावरून वाद निघाला. दत्तक मुलगा यशवंत याला भाऊबंदांनी विरोध केला. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवं हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नीही दिला. जागा कुठली ते नगरपालिकेने ठरवलं. अग्नी कुणी द्यायचा ते मात्र ठरवलं सावित्रीबाईंनी.

अलीकडचं बघायचं तर २०१४ साली परळीत गोपीनाथ मुंडे यांना त्यांच्या मुलीने, पंकजा मुंडे यांनी अग्नी दिला, लाखो लोकांनी तो पाहिला. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, कितीतरी ठिकाणी नगरपालिकेच्या कामगारांनीच परक्या माणसांना अग्नी दिला. तेव्हा मुलगाच पाहिजे असं कुणी म्हणालं नाही. म्हणजे अडचण आली की रूढी वाकते. मग ती बाईसाठीच का ताठ राहते?

टिटवं हातात घेण्यापेक्षाही जास्त गरजेची एक गोष्ट सांगते. ती कागदाची आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. घरी मृत्यू झाला तर ती कळवण्याची जबाबदारी घरातल्या कर्त्या माणसावर असते, दवाखान्यात झाला तर दवाखान्यावर. स्मशानभूमीची देखभाल करणाऱ्यानेही निबंधकाला कळवायचं असतं. पण वाडीच्या स्मशानात रखवालदार कुठला आणि रजिस्टर कुठलं? तीस दिवस उलटले की वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. दिवसकार्याच्या गडबडीत हे राहून जातं. मग सातबाऱ्यावर वारस लावायला, बँकेत, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला, जिथे तिथे दाखला मागतात आणि विधवा बाई खेपा घालत राहते. दहाव्याला कावळा शिवला की नाही हे सगळी वाडी बघते. नोंद झाली की नाही हे कोण बघतं? ते आपल्या मंडळाने बघायचं.

आणखी दोन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही. पहिली जातीची. अनेक गावांत अजून वाडीगणिक, जातीगणिक स्मशान वेगळं आहे. सरकारी पैशाने शेड होते ती कुणाच्या स्मशानात, आणि उघड्यावर सरण रचतं कोण, हे डोळे उघडे ठेवून बघा. मुसलमान आणि ख्रिस्ती बहिणींचे प्रश्न वेगळे आहेत, त्यांनी कबरस्तानात जावं की नाही हे त्या ठरवतील. पण जागा अपुरी पडणं, भिंत नसणं, वाटेत चिखल असणं, ही दुखणी सगळ्यांची सारखीच.

दुसरी गोष्ट विधवेची. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हे अनुकरण करायला सांगितलं. मरणाभोवतीच्या रूढीवर ग्रामसभेत बोलता येतं, ठराव करता येतो, हे हेरवाडने दाखवलंय.

तर आपण काय करायचं? पुढच्या बैठकीआधी प्रत्येक मंडळाने आपल्या भागातल्या स्मशानात चार-पाचजणींनी मिळून दिवसाउजेडी जाऊन यायचं. शेड आहे का, पाणी आहे का, दिवा लागतो का, कोरडं लाकूड कुठे ठेवतात, वाट सरकारी की खाजगी जमिनीतून, बायांना जाता येईल असं शौचालय आहे का, हे वहीत लिहायचं. नगर परिषदेत लेखी अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. गावात ग्रामसभेत विषय मांडायचा. ग्रामपंचायतींना जनसुविधा योजनेतून दहनभूमी, दफनभूमीच्या कामाला अनुदान मिळतं, ते मागायचं. २०११ पासून राज्यातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. निवडून आलेल्या आपल्या बहिणींना विचारा, या जागेची पाहणी तुम्ही कधी केलीत? ‘तिकडचं पुरुष बघतात’ असं उत्तर आलं तर त्यांना सोबत घेऊन जा.

कुणी स्मशानात जावं, कुणी जाऊ नये, ही सक्ती आपल्याला कुणावरच करायची नाही. जिला घरी बसून रडायचंय तिने रडावं. पण जिला आपल्या आईला खांदा द्यायचाय, तिला वाटेत कुणी अडवता कामा नये, आणि तिच्या पायाखालची वाटही धड असली पाहिजे. पहिल्यासाठी आपल्याला घरात भांडावं लागेल, दुसऱ्यासाठी नगर परिषदेत. दोन्हीकडे भांडायची आपल्याला सवय आहे.

एवढं बोलून थांबते.