मेद जाळणाऱ्या गोळ्या

'चरबी जाळणे' हा शब्दप्रयोग भिलाईच्या माणसाला चटकन पटतो. जळणे म्हणजे काय, हे त्याला सांगावयास नको. १९५९ पासून येथे झोतभट्ट्या धगधगत आहेत. परंतु भट्टीत खनिज किती आणि कोक किती घालावयाचा, याचा हिशेब असतो. मोहन नगरातील दुकानातून वजन उतरविणाऱ्या गोळ्यांची डबी घेताना मात्र आपण पुढचे रंगीत चित्र पाहतो, मागचे बारीक अक्षर वाचीत नाही.

अशा डब्यांवर 'गार्सिनिया' हे नाव वारंवार आढळते. नाव परके, पण झाड घरचे. आपल्या कोकमाचे हे भावंड. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. तिचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाचा आहे, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील लुईस व नीलकांतन यांनी १९६५ साली दाखवून दिले. पिष्टमय अन्नाचा मेद बनविणाऱ्या एका विकराला हे आम्ल अडविते, असे पुढे प्रयोगशाळेत आढळले आणि व्यापाराला आयतेच निमित्त मिळाले.

समजा, गोळीवर 'गार्सिनिया अर्क ५०० मिलिग्रॅम' असे छापले आहे. हे वजन अर्काचे, आम्लाचे नव्हे. अर्कात आम्ल शेकडा ६० असेल, तर गोळीत ते ३०० मिलिग्रॅम भरते, आणि रोज दोन गोळ्या घेतल्या तर ६००. आता १९९८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेली चाचणी पाहा. १३५ स्थूल स्त्रीपुरुष, बारा आठवडे, सर्वांना बेताचा आहार. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी. आम्ल घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो उतरले. पोकळ गोळीवाल्यांचे ४.१! संख्याशास्त्र या फरकाला किंमत देत नाही, हे खरे. पण अडीचपट मात्रेने जे साधले नाही, ते आपल्या दोन गोळ्यांनी कसे साधावे?

काही डब्यांवर तर दहा द्रव्यांची नावे देऊन खाली एकच बेरीज लिहितात. सरकारी कचेरीत असे देयक तपशिलाअभावी परत जाते. ग्राहकानेही ते परत करावे.

काही द्रव्यांत भीती उलट बाजूची. हिरव्या चहाचा पेला निरुपद्रवी. पण त्याच्या अर्कातील एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम वा अधिक गेल्यास यकृतावर ताण पडल्याची चिन्हे रक्तात दिसतात, असे युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ साली नोंदविले. त्याच संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढासाठी कॅफिनची मर्यादा एका वेळी २०० आणि दिवसाकाठी ४०० मिलिग्रॅम सांगितली. गोळीतील कॅफिन मोजताना घरची कॉफी आणि चहा त्यात मिळवावयास हवा; तो बहुधा कोणी मिळवीत नाही.

आपल्याकडील २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा पूरकांवर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशी सूचना छापावी लागते. परंतु छापलेले वाचून न छापलेले कळत नाही. सिब्युट्रामिन हे भूक मारणारे औषध हृदयाला घातक ठरल्यामुळे भारतात २०११ साली बंद झाले, तरी निरनिराळ्या देशांत 'वनौषधी' म्हणून विकलेल्या मालात ते चोरून मिसळलेले सापडत आले आहे. गोळी सुरू केल्यावर छातीत धडधड, झोपमोड वा डोळ्यांत पिवळेपणा दिसला, तर ती थांबवावी आणि डॉक्टरांकडे जाताना डबी बरोबर न्यावी.