१२५१ म्हणजे नेमके किती?



आकाशवाणीच्या सांगली केंद्राचा १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. एकदा त्याला नऊने भागून पाहा. बरोबर १३९ येतात, बाकी काही उरत नाही. पुण्याचे ७९२ घ्या, मुंबईचे १०४४ घ्या, सगळे नवाच्या पाढ्यातले. १९७५ साली जिनिव्हाच्या परिषदेत आशिया, आफ्रिका आणि युरोपातल्या मध्यम लहरींच्या केंद्रांना नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर जागा वाटून दिल्या गेल्या आणि नोव्हेंबर १९७८ पासून ती वाटणी अमलात आली. तेव्हा १२५१ म्हणजे सेकंदाला १२ लाख ५१ हजार कंपने. एक कमी नाही, एक जास्त नाही. निदान कागदावर तरी असेच आहे.

काटा आणि दोरीच्या जुन्या संचावर याची कुणाला फिकीर नव्हती. काट्याच्या जाडीखालीच दहा-पंधरा किलोहर्ट्झ झाकले जात. आवाज स्वच्छ आला की सांगली लागली, विषय संपला. आता अंगठ्याएवढा डाँगल लॅपटॉपला खोचायचा, अँटेनाची वायर जोडायची आणि रेडिओचे बाकीचे काम सॉफ्टवेअरवर सोपवायचे, असा प्रकार आला आहे. हे डाँगल खरे तर कॉम्प्युटरवर डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी केलेले. त्यातली रिअलटेक कंपनीची चिप लहरींचे कच्चे नमुने जसेच्या तसे बाहेर देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि स्वस्तातला सॉफ्टवेअर रेडिओ सगळ्यांच्या हातात आला.

या रेडिओच्या पडद्यावर कंप्रता एका हर्ट्झपर्यंत लिहिलेली दिसते. इतके आकडे पाहिले की माणूस बिचकतो आणि विश्वास ठेवतो. पण साध्या डाँगलवर कोल्हापूरचे १०२.७ मेगाहर्ट्झ लावा. केंद्राचा उंचवटा पाच किलोहर्ट्झ बाजूला उभा असलेला सहज दिसेल. कोल्हापूरचे काही चुकलेले नसते. चुकलेला असतो डाँगलमधला क्रिस्टल, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या स्फटिकाची पातळ चकती. सेकंदाला २ कोटी ८८ लाख वेळा कंप पावायचे हे तिचे काम, आणि डाँगलमधले प्रत्येक माप तिच्यावरून निघते. ती दहा लाखांत पन्नासने चुकली, याला पन्नास पीपीएम म्हणतात, तर पडद्यावरचा प्रत्येक आकडा त्याच प्रमाणात चुकतो. कोल्हापूरच्या एफएमवर ही चूक पाच हजार हर्ट्झ होते आणि आपल्या १२५१ वर जेमतेम ६२. एफएमचा पट्टा रुंद असल्यामुळे गाणे ऐकताना पाच हजारांनीही काही बिघडत नाही. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवर एकमेकांशी बोलणाऱ्या मंडळींच्या अरुंद चॅनेलवर मात्र तेवढ्याने समोरच्याचा आवाज फाटतो, कधी नाहीसाच होतो.

मग ही चूक मोजायची कशी? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन पाहा. इथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते मिळायच्या कितीतरी आधीपासून तिथे हे मोजमाप रोज चालते. जोडीच्या दोन तारा षड्जात मिळवताना कारागीर सुरातली लाट ऐकत असतो. दोन तारांत सेकंदाला तीन कंपनांचा फरक असला तर नाद सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो. खुंटी हळूहळू फिरवली की लाटा संथ होत जातात आणि जोड जुळली की थांबतात. फरकाचा आकडा काढायला कुठलेच यंत्र लागत नाही.

रेडिओतही नेमके हेच करायचे. मध्यम लहरी थेट घेण्याची सोय असलेला डाँगल असेल तर त्यावर १२५१ ऐवजी १२५० लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये वरचा साइडबँड निवडा. निवेदकाच्या बोलण्याखाली एक सलग शिट्टी ऐकू येईल. ती सांगलीची वाहक लहर. डाँगल अचूक असेल तर शिट्टी बरोबर हजार हर्ट्झची असते. मोबाईलवरच्या स्वर मोजणाऱ्या ॲपने पाहा. ९३८ दिसले तर क्रिस्टल पन्नास पीपीएमने पुढे धावतो आहे. सॉफ्टवेअरमध्ये पीपीएम दुरुस्तीचा चौकोन असतो, त्यात आकडा भरा. अधिकाची खूण की उण्याची, हे सॉफ्टवेअरप्रमाणे बदलते. उलटी पडली तर शिट्टी हजारापासून आणखी लांब जाते, म्हणजे लगेच कळते.

हे दिवसा करावे. रात्री याच कंप्रतेवरची दूरदूरची केंद्रे येऊन बसतात आणि पडद्यावर एका रेघेच्या दोन-तीन रेघा होतात. कारण प्रत्येक केंद्र दोन-चार हर्ट्झ इकडेतिकडे असतेच. मध्यम लहरींच्या केंद्राला दहा हर्ट्झपर्यंतची सूट आंतरराष्ट्रीय नियमच देतो. १२५१ वर दहा हर्ट्झ म्हणजे आठ पीपीएम. आपल्या केंद्राच्या भरवशावर पन्नासाची चूक आठाच्या आत आणता येते, त्यापुढची खात्री ते देत नाही.

पण पन्नास पीपीएमची चूक हे माझ्या मते दुखणेच नव्हे. चूक ठाम असली की तिची वजाबाकी करून मोकळे होता येते. दुखणे आहे ते चूक सरकण्याचे. डाँगल चालू झाला की तापतो, क्रिस्टल तापतो आणि पहिली पंधरा-वीस मिनिटे पडद्यावरची रेघ तिरकी चालत राहते. महाबळेश्वरच्या थंडीत केलेली दुरुस्ती एप्रिलमध्ये सांगलीच्या पत्र्याखाली लागू पडत नाही. म्हणून डाँगल अर्धा तास चालू ठेवून मगच मोजावे. पैसे खर्चायचेच असतील तर तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल असलेला डाँगल घ्यावा. तो एका पीपीएमच्या आसपास राहतो. आकडे जास्त दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर खर्च करण्यात अर्थ नाही.

अचूक असणे आणि स्थिर असणे या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते सातारा जिल्ह्यातच पाहायला मिळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने वाईजवळ मांढरदेवला डॉप्लर रडार बसवले. त्याची लहर सुमारे तीन सेंटीमीटरची, सेकंदाला हजार कोटींच्या आसपास कंपने. पावसाचा थेंब रडारच्या दिशेने सेकंदाला दहा मीटर सरकला तर परतणाऱ्या लहरीत फरक पडतो साडेसहाशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे एका पीपीएमच्या पंधराव्या हिश्श्याएवढा. तरीही या मोजणीसाठी रडारची मूळ कंप्रता तितकी काटेकोर असावी लागत नाही. रडार परतलेली लहर स्वतःच्याच घड्याळाशी ताडून पाहते. लहर जाऊन परत येईपर्यंत ते घड्याळ हलले नाही म्हणजे झाले.

आपल्याला मात्र दुसऱ्याचे केंद्र ऐकायचे असते, त्यामुळे बाहेरचा आधार लागतोच. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे ‘एटीए’ हे प्रमाण कंप्रतेचे प्रक्षेपण पूर्वी दहा मेगाहर्ट्झवर लागे, ते बंद झाले. त्याच जागी आता चीनच्या ‘बीपीएम’ची टिकटिक येते. तिची लहर आयनांबरावरून आपटून येते, त्यामुळे एखाद्या हर्ट्झची हालचाल धरून चालावे. त्याहून सोयीचा आधार गावोगावी उभा आहे, तो म्हणजे मोबाईलचा टॉवर. टूजीच्या टॉवरला ०.०५ पीपीएमच्या आत राहावे लागते. फोनला सूर धरता यावा म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने वाहक लहरीच्या ६७.७ किलोहर्ट्झ वर एक शुद्ध स्वर सोडतो. कॅलिब्रेट नावाची फुकट मिळणारी आज्ञावली हा स्वर हुडकते आणि डाँगलची चूक दोन-तीन मिनिटांत सांगते. जिओकडे टूजी कधी नव्हतेच, तेव्हा एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचा टॉवर शोधावा लागतो. टूजी एकदा बंद झाले की ही सोयही जाईल. तेव्हा कपाटात डाँगल पडून असेल, तर या पावसाळ्यातच मोजणी उरकून घ्या आणि आलेला आकडा त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा. सोबत त्या दिवसाचे तापमानही लिहा.