रमाबाईंची तेवीस वर्षं



तुमच्या निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय छापलाय, 'न्यायमूर्तींची सावली : रमाबाई रानडे'. पाहुण्याने यजमानांशी भांडू नये असा संकेत आहे. तो मी मोडणार आहे. सावली मताचा हक्क मागत नाही. रमाबाईंनी तो मागितला होता.

आपल्या ओळखीच्या रमाबाई कोणत्या? देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची लेक, १८७३ साली अकराव्या वर्षी एकतीस वर्षांच्या बिजवराला, पुढे न्यायमूर्ती झालेल्या महादेव गोविंद रानड्यांना, दिलेली. नवऱ्याने शिकवायचं आणि घरातल्या बायकांनी टोमणे मारायचे. मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत इंग्रजी निवेदन वाचून त्या घरी आल्या, तेव्हा त्यांना काय ऐकावं लागलं, ते आपण डोळे पुसत वाचतो. त्यांच्यावरची 'उंच माझा झोका' ही मालिका तर घरोघरी पाहिली गेली. पण या कहाणीत आपली एक सोय आहे, मंडळी. तिच्यात शिकवणारा उदार पुरुष आहे आणि छळणाऱ्या सगळ्या बायका. म्हणून ती इतकी गोड लागते.

न्यायमूर्तींचं ऋण मी नाकारत नाही, रमाबाईंनीही कधी नाकारलं नाही. पण १९०१च्या जानेवारीत ते गेले आणि रमाबाई पुढे तेवीस वर्षं जगल्या. त्या वर्षांत आडवे आले ते बहुतेक पुरुष, तेही चांगले शिकलेले.

१९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था उभी केली. विधवांनी नर्स व्हायचं, परक्या रोग्याच्या अंगाला हात लावायचा, हे त्या पुण्याला पचवायचं होतं! १९२०मध्ये नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न आला. पैसा अपुरा, तेव्हा आधी मुलगे, मुलींचं मागून पाहू, असा हिशेब मांडला गेला. लोकमान्य टिळकांच्या पक्षाचा कौलही तोच. (मागच्या रांगांत चुळबुळ झाली. होऊ द्या.) तेव्हा बायका मोर्चा घेऊन पुण्याच्या रस्त्यावर आल्या, आणि पुढारपण साठीकडे झुकलेल्या रमाबाईंकडे होतं.

मग मताचा प्रश्न. १९१९च्या भारत सरकार कायद्याने तो प्रांतिक कौन्सिलांवर ढकलला. म्हणजे पुरुषांनी निवडलेल्या पुरुषांनी ठरवायचं, बायकांना अक्कल आहे की नाही! मुंबई इलाख्यात या चळवळीच्या आघाडीला रमाबाई होत्या. १९२१मध्ये कौन्सिलने बायकांच्या मतदानावरची बंदी उठवली. तरी मत मिळालं ते मालमत्तेची किंवा कराची अट पुरी करणारीला. अट पुरुषांनाही होती, खरं. पण घर आणि शेत कोणाच्या नावावर असतं, हे या सभागृहात मी सांगायला हवं का?

१९२४मध्ये रमाबाई गेल्या.

त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आलं. ते न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी थांबतं, आणि आपणही सोयीने तिथेच थांबलो. सेवासदनाचे अहवाल, नगरपालिकेची कागदपत्रं, कौन्सिलमधल्या चर्चा हे सगळं धुंडाळून ती तेवीस वर्षं लिहायला हवीत. आजचं मानधनाचं पाकीट मी न उघडता या टेबलावर ठेवते आहे. ते काम करायला जी कोणी तयार असेल, तिने सभा संपल्यावर पुढे येऊन ते घेऊन जावं.