‘आमचं ऐकतच नाही’



संध्याकाळचे आठ. डोंबिवलीतलं कुठलंही घर घ्या. आई लोकलच्या गर्दीतून उतरून, स्टेशनबाहेरून भाजी घेऊन आत्ताच घरात शिरली आहे. चौथीतला मुलगा मोबाइल सोडत नाही. ती ओरडते, तो दुप्पट ओरडतो, उशी भिरकावतो. आजी मध्ये पडते, ‘असू दे गं, दहा मिनिटं खेळू दे त्याला.’ आरडाओरडा थांबतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. घात इथेच होतो. आवाज चढवला की मोबाइल मिळतो, हे मुलगा शिकला. माघार घेतली की शांतता मिळते, हे आई शिकली. अमेरिकेत ओरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी वर्षानुवर्षं घरांतल्या अशाच चकमकींचा अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर ग्रंथ लिहिला. मूल जन्मतः वाईट असतं असं त्यात नाही. घरातली माणसं नकळत एकमेकांना हे शिकवत जातात.

हट्ट कुठलं मूल करत नाही? दोन-अडीच वर्षांचं मूल ‘नाही’ म्हणतं ते वाढीचं लक्षण आहे. पण सततची चिडचिड, मोठ्यांशी मुद्दाम वाद, डूख धरणं असं सहा महिन्यांहून अधिक चाललं आणि घर, शाळा, मैत्री त्यात होरपळू लागली, तर तपासणी हवी. ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ हे नाव तज्ज्ञाने द्यायचं आहे, शेजाऱ्यांनी किंवा वर्गशिक्षकांनी नव्हे. अनेकदा मूळ दुसरीकडेच असतं. अक्षरं लागत नाहीत म्हणून वही फेकणारं मूल उद्धट ठरतं. अतिचंचलता, चिंता, कमी ऐकू येणं, हे सगळं अवज्ञेच्या वेषात येऊ शकतं.

मग आपण तज्ज्ञाकडे जात का नाही? ‘तुझ्याच लाडाने बिघडलाय’, ‘मीही लहानपणी असाच होतो’, ‘होस्टेलला टाकू’ यात दोन-तीन वर्षं निघून जातात. शिवाय ‘ठाण्याला पाठवायला हवं’ हा टोमणा आपल्या जिभेवर आहेच. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था उभी केली आणि मनाविषयी शहराला मोकळेपणाने बोलायला शिकवलं. मुंबईत तर १९३७ सालीच टाटांच्या समाजकार्य संस्थेने बाल मार्गदर्शन केंद्र सुरू केलं होतं. मदत जुनी आहे, जवळ आहे. आपली लाजच तेवढी आडवी येते.

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करा. सायनच्या पालिका रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा.

पहिल्या भेटीत तज्ज्ञ तुमच्याशीच जास्त बोलले, तर नाराज होऊ नका. नुसत्या अवज्ञेवर गोळी नाही. सोबत अतिचंचलता असेल तर तिच्यावर औषध मिळतं. बाकी उपचार पालकांच्या सवयींतून जातो. सूचना एकदाच आणि थोडक्यात द्यायची, शिक्षा लहान पण हमखास, आणि मूल शहाण्यासारखं वागलं त्याच मिनिटाला त्याची दखल घ्यायची. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, कारण शांत बसलेल्या मुलाकडे आपण बघतच नाही. आई, बाबा, आजी तिघांचा नियम एकच हवा. सुरुवातीला त्रागा वाढतोही, कारण मूल जुना उपाय अधिक जोराने वापरून पाहतं. तेव्हाच बरेच पालक सोडून देतात. कृपा करून तेवढे दिवस तग धरा.

आणि मुलाला आरोपीसारखं ओढत नेऊ नका. ‘डॉक्टर इंजेक्शन देतील’ असं तर चुकूनही म्हणू नका. ‘आपल्या घरात भांडणं फार होतात, ती कमी कशी करायची हे विचारायला आपण सगळे जातोय’ एवढं सांगा. खरंही तेच आहे.

सभागृहातल्या वडिलांना माझी एक विनंती आहे. त्या दिवशी आईला एकटीला पाठवू नका. अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि बरोबर जा.